वाक्याचा अर्थ लावायचा कसा? मीमांसक, नैयायिक, वैयाकरण आणि बौद्ध यांच्या वाटेने

संस्कृत किंवा पाली वाचायला लागलेल्या प्रत्येकाला हा टप्पा भेटतो. शब्दकोश उघडा असतो, विभक्ती ओळखता येतात, धातू सापडलेला असतो, सगळे शब्द कळलेले असतात आणि वाक्य मात्र कळत नाही. मीही या टप्प्यावर बराच काळ अडकलो होतो. पुढे लक्षात आलं, की शब्द कळणं आणि वाक्य कळणं यांच्यातली ही फट आपल्याकडच्या विचारवंतांनी हजार-दीड हजार वर्षं निरखली आहे. मीमांसक (वेदवाक्यांचा अर्थ लावणारे), नैयायिक (तर्कशास्त्राचे अभ्यासक), वैयाकरण (व्याकरणकार) आणि बौद्ध एकमेकांशी कडाकडा भांडले ते इथंच.

त्यांची मतं परीक्षेसाठी पाठ करता येतात, पण ती वापरण्यासाठी आहेत. एकेक दर्शन म्हणजे वाक्याला विचारायचा एकेक प्रश्न. ते प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, ते इथं सांगतो. एक वही घ्या. सरावाला तीन वाक्यं पुरतील: ‘गाम् आनय’ (गाय आण), छांदोग्य उपनिषदातलं ‘तत्त्वमसि’, आणि धम्मपदातलं ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’ (सर्व संस्कार, म्हणजे कारणांनी घडलेलं सारं, अनित्य आहेत).

पहिली पायरी: वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं

अर्थाकडे वळण्याआधी हद्द आखा. वैयाकरण कात्यायनाची खूण सर्वांत सोपी आहे: ‘एकतिङ् वाक्यम्’, म्हणजे एक क्रियापद तिथं एक वाक्य. तेवढ्यावर भागत नाही, तेव्हा मीमांसासूत्रांतलं जैमिनीचं सूत्र (२.१.४६) हाताशी घ्या: ‘अर्थैकत्वादेकं वाक्यं साकाङ्क्षं चेद्विभागे स्यात्’. सगळ्या पदांचं प्रयोजन एक असेल आणि तोडल्यावर तुकडा दुसऱ्याची वाट पाहत राहत असेल, तर ते एकच वाक्य. वापरायची रीत सोपी आहे. शंका येईल तिथं पेन्सिलीने रेघ मारा आणि दोन्ही तुकडे वेगवेगळे मोठ्याने वाचा. एखादा तुकडा लटकता वाटला, तर रेघ खोडा.

ही हद्द वरवरची बाब वाटते, पण ती किती खोल जाते ते ‘तत्त्वमसि’ दाखवतं. मूळ पाठ ‘स आत्मा तत्त्वमसि’ असा सलग आहे. शंकराचार्यांनी तो ‘सः आत्मा, तत् त्वम् असि’ असा तोडला. मध्वाचार्यांनी संधीत लपलेला ‘अ’ धरून ‘सः आत्मा, अतत् त्वम् असि’ असा तोडला. एकाच्या मते ‘ते तू आहेस’, दुसऱ्याच्या मते ‘ते तू नाहीस’. कोशातला एकही शब्द बदललेला नाही. म्हणून पदच्छेद वहीत लिहूनच काढावा, डोक्यात ठेवू नये.

बौद्ध ग्रंथ वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. व्याकरणात ‘पद’ म्हणजे विभक्तीचा किंवा क्रियेचा प्रत्यय लागलेला शब्द. अभिधर्मात, म्हणजे बौद्धांच्या तत्त्वचर्चेच्या ग्रंथांत, मात्र नामकाय, पदकाय आणि व्यंजनकाय अशी त्रयी येते. वसुबंधू अभिधर्मकोशाच्या भाष्यात स्पष्ट सांगतो, की इथं ‘पद’ म्हणजे वाक्य, अर्थ पुरा होईपर्यंतचा भाग, आणि ‘व्यंजन’ म्हणजे अक्षर. उदाहरणही तो वाक्याचंच देतो: ‘अनित्या बत संस्काराः’. हे माहीत नसेल, तर अभिधर्मातली भाषेवरची सगळी चर्चा चुकीच्या जागी बसते.

दुसरी पायरी: आकांक्षा, योग्यता, संनिधी

नैयायिक अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात वाक्यार्थ कळण्याची तीन कारणं दिली आहेत. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ असं म्हटलं तर चार गोष्टी डोळ्यांपुढे येतात, वाक्य होत नाही, कारण कुणालाच कुणाची गरज नाही. इथं आकांक्षा नाही. ‘विस्तवाने शिंप’ यात व्याकरण चोख आहे, पण विस्तवाने शिंपता येत नाही. योग्यता नाही. आणि ‘गाय’ हा शब्द आता उच्चारला व ‘आण’ एका प्रहरानंतर, तर संनिधी नाही.

प्रत्यक्ष काम करताना सगळ्यांत उपयोगी पडते ती आकांक्षा. क्रियापदावर बोट ठेवा आणि प्रश्न विचारा. मीमांसकांनी हे प्रश्न ठरवूनच दिले आहेत. ‘स्वर्गकामो यजेत’ (स्वर्ग हवा असणाऱ्याने याग करावा) या विधिवाक्यात, म्हणजे काय करावं ते सांगणाऱ्या वाक्यात, त्यांच्या मते आख्याताचा (क्रियापदाचा) अर्थ भावना आहे, म्हणजे काही घडवून आणण्याचा व्यापार. ती तीन गोष्टी मागते: काय साधायचं, कशाने साधायचं आणि कसं साधायचं. स्वर्ग साधायचा, यागाने साधायचा, आणि यागाची अंगं हा त्याचा प्रकार. ‘याग करावा’ एवढंच भाषांतर केलं तर याग हेच साध्य वाटतं. प्रश्न विचारले की कळतं, तो साधन आहे. विधिवाक्य कुठलंही असो, हे तीन प्रश्न पानाच्या समासात लिहून ठेवा आणि उत्तरं त्याच वाक्यात शोधा. तिथं मिळाली नाहीत तर प्रकरणात.

कधी उत्तर वाक्यात नसतंच. कुणी नुसतं ‘दार!’ म्हणालं, तर आपण ‘लाव’ धरतो. हा अध्याहार. भाट्ट मीमांसक, म्हणजे कुमारिल भट्टाचे अनुयायी, म्हणतात, इथं ‘लाव’ हा शब्दच पुरवला जातो. प्राभाकर, म्हणजे प्रभाकराचे अनुयायी, म्हणतात, शब्द कशाला, अर्थ पुरवला की झालं. वाचकाने भाट्टांचं ऐकावं असं माझं मत आहे. पुरवलेला शब्द कंसात लिहिला, की मुळातलं किती आणि आपलं किती, हे दिसत राहतं. मनातल्या मनात पुरवलेला अर्थ थोड्याच दिवसांत मूळचाच वाटू लागतो.

तिसरी पायरी: अर्थ अडला तर लक्षणा

सरळ अर्थ बसत नसेल तेव्हाच लक्षणेकडे, म्हणजे मूळ अर्थाला लागून असलेल्या दुसऱ्या अर्थाकडे, जा. ‘गङ्गायां घोषः’, गंगेवर गवळ्यांची वस्ती. प्रवाहावर वस्ती होत नाही, म्हणून गंगा म्हणजे गंगेचा काठ. मूळ अर्थ इथं पूर्ण सुटला. ‘कावळ्यांपासून दही राख’ यात कावळा सुटत नाही, उलट मांजर-कुत्रंही त्यात येतं. आणि ‘सोऽयं देवदत्तः’, ‘तो हा देवदत्त’, यात तेव्हाचा काळ-प्रदेश आणि आत्ताचा काळ-प्रदेश गळतो आणि माणूस उरतो. थोडं सोडायचं, थोडं ठेवायचं.

अद्वैती ‘तत्त्वमसि’ला ही तिसरी रीत लावतात. ‘तत्’मधलं सर्वज्ञत्व आणि ‘त्वम्’मधलं अल्पज्ञत्व सोडा, चैतन्य ठेवा. पण वेदान्तपरिभाषेचा कर्ता धर्मराज अध्वरीन्द्र अद्वैतीच असून म्हणतो, की इथं लक्षणेची गरजच नाही, शब्दाच्या मूळ शक्तीनेच काम होतं. त्याचा संयम मला शिकण्यासारखा वाटतो. लक्षणा ही शेवटची किल्ली आहे, पहिली नव्हे. वाक्य आपल्या मताशी जुळत नाही, हे लक्षणेचं कारण होऊ शकत नाही.

चौथी पायरी: एका शब्दाचे दोन अर्थ असतील तेव्हा

वैयाकरण भर्तृहरीने आपल्या वाक्यपदीय या ग्रंथाच्या दुसऱ्या कांडात, वाक्यकांडात, यासाठी एक यादी दिली आहे: ‘संसर्गो विप्रयोगश्च साहचर्यं विरोधिता…’ संदिग्ध शब्दाचा नेमका अर्थ कशाकशाने ठरतो, त्याची ही मोजणी. पूर्वी मी ती नुसती म्हणायचो, वापरायला खूप उशिरा लागलो.

‘हरि’ म्हणजे विष्णू, सिंह, माकड, इंद्र आणि आणखी बरंच काही. ‘शंखचक्रासह हरि’ म्हटलं की विष्णू. हा संसर्ग. ‘शंखचक्राविना हरि’ म्हटलं तरी विष्णूच! हा विप्रयोग, आणि त्यातली बारकाई पाहण्यासारखी आहे. ज्याच्याकडे एखादी वस्तू असू शकते, त्याच्याचबद्दल ती नाही असं बोलता येतं. म्हणजे वाक्यातला नकारही अर्थ दाखवतो. ‘राम-लक्ष्मण’ यातला राम दशरथाचा, हे सोबतीने कळलं. ‘राम आणि अर्जुन’ असं वैराच्या संदर्भात आलं, तर राम म्हणजे परशुराम आणि अर्जुन म्हणजे कार्तवीर्य. तिथं विरोधाने अर्थ ठरला.

मराठीत करून पाहा. ‘कर जोडले’ आणि ‘कर भरला’ यांत शेजारच्या क्रियापदाने ‘कर’ ठरवला. भर्तृहरी याला ‘शब्दस्यान्यस्य सन्निधिः’ म्हणतो. पुढच्या गोष्टी, म्हणजे प्रकरण, औचित्य, देश, काळ, या पहिल्यांनी काम झालं नाही तर घ्या. सैंधव म्हणजे मीठ आणि सिंधू प्रदेशातला घोडाही. ‘सैंधव आण’ हे जेवताना म्हटलं की प्रवासाला निघताना, यावर काय आणायचं ते ठरतं.

पाचवी पायरी: जोडणी

आता मुख्य प्रश्न. शब्द ठरले, पण ते एकमेकांना चिकटतात कसे?

कुमारिल भट्टाचं मत अभिहितान्वय. आधी प्रत्येक पद आपापला अर्थ सांगतं, मग त्या अर्थांचा अन्वय (जोडणी) होऊन वाक्यार्थ उभा राहतो. प्रभाकराचं मत अन्विताभिधान. पद सुटा अर्थ कधी सांगतच नाही, ते जोडलेलाच अर्थ सांगतं.

प्रभाकराच्या बाजूने लहान मुलाचा दाखला येतो. तो नीट डोळ्यांसमोर आणा. अंगणात एक मूल बसलं आहे. म्हातारा तरुणाला म्हणतो, ‘गाम् आनय’. तरुण उठतो, शेपटी-शिंगांचं एक जनावर दोरीने ओढत आणतो. मुलाला अजून ‘गाम्’ कुठे संपलं आणि ‘आनय’ कुठे लागलं हेही माहीत नाही. त्याच्यापुढे एक सलग आवाज आणि एक सलग घटना आहे. मग ऐकू येतं, ‘गां बधान’ (गाय बांध). जनावर तेच, पण आता ते खुंट्याला बांधलं. मग ‘अश्वम् आनय’. आणण्याची क्रिया तीच, जनावर वेगळं. एक शब्द काढला, दुसरा घातला, जगात काय बदललं ते पाहिलं. याला आवाप-उद्वाप म्हणतात. शब्दाचा अर्थ मुलाला वाक्यातून फोडून मिळाला. सुटा शब्द त्याला कुणी शिकवलाच नव्हता.

हे चित्र मनात बसल्यापासून माझी वाचायची रीत बदलली. सुरुवात कुमारिलाप्रमाणे करा, एकेक पद, एकेक अर्थ. पण पारिभाषिक शब्द आला, की प्रभाकराप्रमाणे चाला. कोश बाजूला ठेवा, त्याच ग्रंथातली तो शब्द असलेली आठ-दहा वाक्यं एकाखाली एक लिहा आणि काय बदललं, काय तसंच राहिलं ते पाहा. ‘संस्कार’, ‘धर्म’, ‘आत्मा’, ‘योग’ असल्या शब्दांना दुसरा इलाज नाही.

जोडणी झाली की ती लिहा. याला शाब्दबोध लिहिणं म्हणतात. ‘चैत्रः ग्रामं गच्छति’ (चैत्र गावाला जातो) हे वाक्य घ्या. नैयायिक कर्त्याला मध्यभागी ठेवून म्हणेल: गाव हे कर्म असलेल्या गमनाला अनुकूल प्रयत्न करणारा चैत्र. वैयाकरण क्रियेला मध्यभागी ठेवेल: चैत्र हा कर्ता आणि गाव हे कर्म असलेलं गमन. मीमांसक भावनेला. मराठीत हे ओबडधोबड वाटतं, पण एकदा तरी लिहून पाहाच. वाक्य चैत्राबद्दल आहे की जाण्याबद्दल, हा प्रश्न एरवी आपण स्वतःला विचारतही नाही.

सहावी पायरी: तुकडे सोडून द्या

इथपर्यंत आल्यावर भर्तृहरी सगळं काम उलटं फिरवतो. त्याच्या मते वाक्य अखंड आहे. पदं आपण समजावण्यासाठी कापून काढली, जशी व्याकरणात प्रकृती आणि प्रत्यय कापून काढतो. पदांचे अर्थ सुटे घेतले असतानाच त्यांहून वेगळी अशी एक प्रतिभा, म्हणजे एक झटका-उमज, जन्मते. तिलाच तो वाक्यार्थ म्हणतो. ही प्रतिभा शब्दांत सांगता येत नाही, पण तिच्याशिवाय कुणाचंच पान हलत नाही. वसंतात नर कोकिळाचा स्वर कोण बदलतं, जिवांना घरटी बांधायला कुणी शिकवलं, असं तो विचारतो.

बौद्ध आचार्य दिङ्नाग बाकी बाबतींत वैदिकांचा कडवा विरोधक. पण प्रमाणसमुच्चयाच्या पाचव्या परिच्छेदात तोही वाक्यार्थाला प्रतिभाच म्हणतो. तंबू वेगळे असूनही हे दोघे इथं शेजारी बसतात.

काश्मीरचा नैयायिक जयन्त भट्ट मात्र मानत नाही. ‘वाघ आला’ म्हटल्यावर शूर सरसावतो आणि भित्रा पळतो. प्रतिभा दोघांची वेगळी, मग वाक्याचे अर्थ दोन झाले का? जयन्ताच्या मते अर्थ एकच, वाघाचं येणं. उत्साह आणि भीती ही त्या अर्थाची फळं. मला जयन्ताचा हा भेद वहीत उतरवण्याजोगा वाटतो. वाक्य वाचून मनात जे उठतं ते एका रकान्यात, वाक्य जे सांगतं ते दुसऱ्यात. धर्मग्रंथ वाचताना हे रकाने फार लवकर मिसळतात. पण भर्तृहरीची पायरी गाळू नका. विग्रह पुरा झाला की वही मिटा आणि मूळ वाक्य तीनदा सलग म्हणा. पुष्कळदा अर्थ तेव्हाच बसतो.

सातवी पायरी: शब्द काय वगळतो

दिङ्नागाचा अपोहवाद वाचायला कठीण आणि वापरायला सोपा आहे. ‘गाय’ हा शब्द ‘गोत्व’ नावाची कुठलीतरी नित्य वस्तू दाखवत नाही, तो गाय नसलेल्या सगळ्याला बाजूला सारतो. ‘निळं कमळ’ यात ‘निळं’ने निळे नसलेलं गेलं, ‘कमळ’ने कमळ नसलेलं गेलं. दोन चाळण्यांतून जे उरलं ते दोघांचं मिळून. वाक्य म्हणजे अशा एकामागोमाग लावलेल्या चाळण्या.

आता धम्मपदाच्या २७७ ते २७९ या गाथा घ्या. पहिली: ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’. दुसरी: ‘सब्बे सङ्खारा दुक्खा’. तिसरी: ‘सब्बे धम्मा अनत्ता’ (सर्व धम्म, म्हणजे सर्व गोष्टी, अनात्म आहेत). मी कित्येक महिने तिन्ही एका दमात म्हणत होतो आणि तिसऱ्यातला बदल कानाआड जात होता. प्रत्येक शब्दापुढे ‘काय वगळलं?’ असा रकाना केला, तेव्हा तो समोर आला. ‘सङ्खारा’ने वगळलं असंखत, म्हणजे कारणांनी न घडलेलं, म्हणजे निब्बान (निर्वाण). म्हणून अनित्यता आणि दुःख यांची विधानं निब्बानाला लागत नाहीत. ‘धम्मा’ मात्र निब्बानालाही वगळत नाही. म्हणजे अनत्ताचं विधान पहिल्या दोहोंपेक्षा रुंद आहे. तिन्ही गाथांना ‘सर्व काही’ असं एकच भाषांतर केलं, तर हा फरक पुसला जातो.

‘सब्बे’बद्दल उद्योतकर या नैयायिकाने अपोहवाद्यांना अडवलं होतं. ‘सर्व’ हा शब्द काय वगळणार? ‘असर्व’ अशी वस्तूच नाही. बौद्धांचं उत्तर असं, की ‘सर्व’ हा शब्द ‘एक’, ‘दोन’, ‘काही’ यांना वगळतो. ऐकणाऱ्याच्या मनात ‘काही संस्कार तरी टिकत असतील’ अशी आशा असते. ‘सब्बे’ ती आशा वगळतो. वाक्य कुणाच्या कोणत्या समजाला उत्तर देतं आहे, हे विचारायची सवय मला इथून लागली.

आठवी पायरी: तात्पर्य

एकट्या वाक्याचं काम संपलं. आता ते प्रकरणात ठेवा. त्यासाठी सहा खुणा आहेत: उपक्रम-उपसंहार, अभ्यास (पुन्हा पुन्हा येणं), अपूर्वता (इतर साधनांनी न कळणारं), फल, अर्थवाद (स्तुती) आणि उपपत्ती (युक्ती). सदानंदाच्या वेदान्तसारात त्या छांदोग्याच्या सहाव्या अध्यायाला लावून दाखवल्या आहेत. आरंभी ‘एकमेवाद्वितीयम्’, शेवटी ‘ऐतदात्म्यमिदं सर्वम्’. ‘तत्त्वमसि’ नऊ वेळा. ज्याने न ऐकलेलं ऐकलेलं होतं तो आदेश, ही स्तुती. मातीच्या एका गोळ्याने सगळी मातीची भांडी कळतात, ही युक्ती. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात हीच कसोटी गीतेला लावली. लढायला नकार देणाऱ्या अर्जुनापासून ‘करिष्ये वचनं तव’ म्हणणाऱ्या अर्जुनापर्यंतची रेघ त्यांनी ओढली आणि तात्पर्य कर्मयोगात ठेवलं.

नववी पायरी: कुणाचं वाक्य, कुणासाठी

मीमांसकांचा वेद अपौरुषेय, त्याला बोलणारा नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने प्रमाणवार्तिकात यावर बोचरा सवाल केला. ‘स्वर्ग हवा असणाऱ्याने अग्निहोत्र करावं’ या वाक्याचा अर्थ ‘कुत्र्याचं मांस खावं’ असा नाही, याला प्रमाण काय? शब्द आपणहून अर्थ सांगत नाहीत, बोलणाऱ्याची विवक्षा, म्हणजे त्याला काय म्हणायचं आहे, ते सुचवतात. बोलणारा काढून टाकला तर अर्थ बांधणार कोण? मीमांसकांचं उत्तर तयार असतं: शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, आणि तो लोकव्यवहारातून, त्या अंगणातल्या मुलासारखा, सगळ्यांना कळतो. दोन्ही बाजू दमदार आहेत. वाचकाने इतकं करावं: वाक्याशेजारी ते कोण म्हणतं आहे, कुणाला आणि कशाच्या उत्तरात, हे लिहावं. सूत्रग्रंथांत आणि भाष्यांत पूर्वपक्षाचं, म्हणजे खोडण्यासाठी मांडलेल्या मताचं, वाक्य सिद्धांत म्हणून उचलण्याची चूक याच एका नोंदीने टळते.

बौद्ध परंपरेने त्यापुढे चार आधार सांगितले आहेत. त्यांतले दोन इथल्या कामाचे: व्यंजनावर, म्हणजे अक्षरावर, न विसंबता अर्थावर विसंबा, आणि नेयार्थावर न विसंबता नीतार्थावर विसंबा. नीतार्थ म्हणजे ज्याचा अर्थ उलगडलेलाच आहे ते वाक्य, नेयार्थ म्हणजे ज्याचा अर्थ अजून काढून न्यावा लागतो ते. अंगुत्तर निकायात म्हटलं आहे, की दोघे जण तथागतावर खोटा आळ घेतात: नेयार्थ सुत्ताला नीतार्थ म्हणून दाखवणारा आणि नीतार्थाला नेयार्थ म्हणून दाखवणारा.

अट्ठकथेतलं, म्हणजे पाली भाष्यातलं, उदाहरण त्याच निकायातलं आहे. ‘भिक्षूंनो, एक पुद्गल जगात उत्पन्न होतो, बहुजनांच्या हितासाठी.’ इथं ‘पुद्गल’, म्हणजे व्यक्ती, हा शब्द व्यवहारातला आहे. त्यावरून ‘बुद्धाने खरीखुरी टिकणारी व्यक्ती मानली’ असा निष्कर्ष काढला, तर नेयार्थाला नीतार्थ केलं. उलट, अनित्य-दुःख-अनात्म सांगणारी वाक्यं नीतार्थ आहेत, त्यांना ‘असं नुसतं म्हणायचं असतं’ म्हणून सौम्य करता येत नाही. वहीत प्रत्येक वाक्यापुढे समासात ‘ने’ किंवा ‘नी’ लिहा, पेन्सिलीनेच. पुढच्या वाचनात त्यातली काही अक्षरं बदलावी लागतील.